लघुव्यावसायिकाचे संकेतस्थळ : मालकी, ताबा आणि सुरक्षितता

प्रस्तावना

देवगड परिसरातील एका हापूस बागायतदाराची कल्पना करावी. त्याचा वर्षाचा व्यवहार मार्च ते मे या जेमतेम तीन महिन्यांत आटोपतो. दलालाकडे माल न पाठवता पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या विकता याव्यात म्हणून त्याने चार-पाच वर्षांपूर्वी संकेतस्थळ करून घेतले आहे. ऐन एप्रिलमध्ये एका जुन्या ग्राहकाचा दूरध्वनी येतो : गुगलवर बागेचे नाव शोधून दुवा उघडला, तर औषधे विकणारे भलतेच परदेशी पान समोर आले. बागायतदार आपल्या संगणकावर पत्ता टाकून पाहतो. त्याला नेहमीचेच पान दिसते. ग्राहकाचाच काही घोटाळा झाला असावा असे समजून तो विषय सोडून देतो. पुढच्या आठवड्यात मागणी निम्म्यावर येते. ज्या तरुणाने संकेतस्थळ तयार केले तो आता बंगळुरूत नोकरीला आहे, पासवर्ड त्याच्याकडे आहेत आणि डोमेन नेमके कोणाच्या नावावर नोंदले आहे हे बागायतदाराला सांगता येत नाही.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील प्रत्येक घटक प्रत्यक्षात वारंवार आढळणारा आहे. संगणक-सुरक्षेची चर्चा बहुधा विषाणू, फायरवॉल आणि कूटलेखन यांपासून सुरू होते व त्यामुळे तंत्रज्ञान न शिकलेला व्यावसायिक पहिल्याच पानावर माघार घेतो. वस्तुतः त्याच्या दृष्टीने हा प्रश्न आधी मालकीचा आणि ताब्याचा आहे, तंत्राचा नंतर. वाणिज्य शाखेत मालमत्तेची नोंदवही कशी ठेवावी हे शिकवले जाते. दुकानातील फ्रीज आणि वजनकाटा तिच्यात असतो, परंतु ज्याच्यावर हंगामाची विक्री अवलंबून आहे ते संकेतस्थळ तिच्यात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने संकेतस्थळाच्या प्राथमिक सुरक्षिततेचे विवेचन केले आहे.

लहान व्यवसायाकडे हल्लेखोर का वळतात?

‘आमच्यासारख्या छोट्या दुकानात चोराला काय मिळणार?’ हा या विषयातील सर्वांत रूढ आणि सर्वांत महागात पडणारा युक्तिवाद होय. त्यात चोर दुकान निवडतो असे गृहीत धरलेले असते. महाजालावरील बहुसंख्य हल्ले निवड करून होत नाहीत. स्वयंचलित आज्ञावल्या एकामागून एक पत्ते तपासत जातात आणि विशिष्ट त्रुटी जेथे सापडेल तेथे शिरकाव करतात. दार कोणाचे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. ते उघडे आहे की नाही एवढेच त्या पाहतात.

याचे ठळक उदाहरण २०१७ चे आहे. संकेतस्थळे तयार करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या आज्ञावलीच्या ४.७ व ४.७.१ या आवृत्त्यांत एक गंभीर त्रुटी आढळली. तिच्यामुळे कोणाही बाहेरच्या व्यक्तीला पासवर्डशिवाय पानांवरील मजकूर बदलता येत होता. २६ जानेवारी २०१७ रोजी दुरुस्त आवृत्ती प्रसृत झाली. त्रुटीचा तपशील मात्र मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत गुप्त ठेवण्यात आला, जेणेकरून लोकांना अद्ययावत होण्यास अवधी मिळावा. तपशील जाहीर झाल्यावर पंधरवड्याच्या आत विद्रूप झालेल्या पानांची संख्या १५ लाखांच्या घरात गेल्याचे सुरक्षा कंपन्यांनी नोंदवले. त्या पानांच्या धन्यांचे एकच साम्य होते : ज्या आठवड्यात दुरुस्ती करायची त्या आठवड्यात ती झाली नव्हती.

लहान असणे हेच कधीकधी हल्लेखोराच्या उपयोगी पडते. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या विक्रीसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. घुसखोरांनी आत येण्यासाठी वापरलेला पासवर्ड कंपनीचा स्वतःचा नव्हता; तिला शीतकरण व वातानुकूलनाची सेवा पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडून तो चोरलेला होता.

आता बागायतदाराच्या संकेतस्थळावरून काय मिळते ते पाहू. तेथे पैसे ठेवलेले नसतात, परंतु अनेक वर्षे चालू असलेल्या पत्त्याची शोधयंत्रांच्या लेखी पत असते. हल्लेखोर ही पत चोरतो. संकेतस्थळात शिरून तो शेकडो नवी पाने निर्माण करतो. त्यांवर बनावट माल, औषधे किंवा जुगार यांचे दुवे असतात. या पानांवर पुष्कळदा जपानी मजकूर आढळतो, म्हणून या प्रकाराला गुगलने ‘जपानी शब्दांचा हल्ला’ अशा अर्थाचे नावच दिले आहे. यातील खरी मेख अशी की ही पाने सर्वांना दिसत नाहीत. घुसवलेली आज्ञावली पाहुणा कोठून आला हे तपासते. पत्ता थेट टाकून येणारा बहुधा मालक असतो, म्हणून त्याला मूळ पान दाखवले जाते; शोधयंत्राकडून, विशेषतः भ्रमणध्वनीवरून येणारा बहुधा ग्राहक असतो, म्हणून त्याला परस्पर दुसरीकडे नेले जाते. दूरध्वनी करणारा ग्राहक खरे बोलत होता आणि बागायतदारालाही खरेच काही दिसले नव्हते.

यावरून तपासणीची एक सोपी रीत निघते व तिला तांत्रिक ज्ञान लागत नाही. महिन्यातून एकदा मालकाने आपले संकेतस्थळ ग्राहकाप्रमाणे पाहावे : भ्रमणध्वनीवर, दुकानाचे वाय-फाय बंद करून, गुगलवर नाव शोधून, दुव्यावर बोट ठेवून. शिवाय गुगलच्या शोधपेटीत इंग्रजी ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि त्याला जोडून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, की गुगलला ठाऊक असलेली त्या पत्त्यावरील पाने समोर येतात. बारा पानांच्या संकेतस्थळाची आठशे पाने दिसू लागली, तर अधिक पुराव्याची गरज उरत नाही.

तीन किल्ल्या

संकेतस्थळ ही एक वस्तू आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो तीन स्वतंत्र व्यवहारांचा समुच्चय असतो. पहिला व्यवहार नावाचा, म्हणजे डोमेनचा. हे नाव विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. दुसरा व्यवहार जागेचा, म्हणजे होस्टिंगचा : दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. तिसरा व्यवहार त्या जागेवर उभारलेल्या रचनेचा. तिच्या आत शिरून मजकूर, किमती व छायाचित्रे बदलण्याचा सर्वाधिकार ‘अ‍ॅडमिन’ खात्याला असतो. या तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या असतात आणि तिन्ही मालकाच्या हाती असल्याशिवाय मालकी पूर्ण होत नाही.

यांपैकी पहिली किल्ली सर्वांत महत्त्वाची असून तिच्याचकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जागा गेली तर दुसरी घेता येते, रचना मोडली तर पुन्हा उभारता येते. नाव गेले तर पेट्यांवर, पत्रकांवर आणि ग्राहकांच्या स्मरणात असलेला पत्ता परक्याचा होतो. पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळ तयार करणारा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने डोमेन नोंदवतो. त्यामागे लबाडी असतेच असे नाही. बहुधा ती केवळ सोय असते. परंतु नोंदणीसंस्थेच्या लेखी ज्याचे नाव नोंदले आहे तोच हक्कदार, आणि वाद निर्माण झाल्यावर पैसे आपण दिल्याचे सिद्ध करणे ही वेळखाऊ गोष्ट ठरते. म्हणून काम सोपवतानाच करारात लिहून घ्यावे की डोमेन व होस्टिंग ही दोन्ही खाती व्यवसायाच्या नावाने, व्यवसायाच्या ईमेलवर उघडली जातील आणि विकासकाला कामापुरता स्वतंत्र प्रवेश दिला जाईल. करार एका पानाचा असला तरी चालेल. तो नसणे चालणार नाही.

नूतनीकरणाचा विसर मोठमोठ्यांनाही पडतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल सेवेत अडथळे आले, कारण प्रवेशासाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे शुल्क भरायचे राहून गेले होते. शेवटी एका संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते नाव वाचवले. लहान व्यावसायिकाला असा परोपकारी भेटण्याचा संभव कमी. डॉट कॉम नावांच्या बाबतीत मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असू शकतो. नाव रद्द झाल्यानंतरही ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते. त्यापुढे आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही खुले होते. सवलतीचा काळ किती द्यायचा हे नोंदणीसंस्थेवर अवलंबून असल्यामुळे त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवावे आणि शक्य असल्यास एकदम काही वर्षांचे शुल्क भरून टाकावे.

येथे एक बारीक सापळा आहे. अनेकजण डोमेनच्या खात्यासाठी त्याच डोमेनवरील ईमेल देतात. मुदत संपली की ईमेलही बंद पडतो, मग स्मरणपत्र येत नाही आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही येत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवावी तसा हा प्रकार होतो. म्हणून या खात्यासाठी वेगळ्या सेवेवरील ईमेल द्यावा आणि ओटीपीसाठी दिलेला क्रमांक सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नाही याची खात्री करावी.

परवलीच्या शब्दाचा अर्थ

पासवर्डला मराठीत रूढ झालेला ‘परवलीचा शब्द’ हा प्रतिशब्द भाषेच्या दृष्टीने सुंदर असला तरी व्यवहारात थोडा दिशाभूल करणारा आहे. परवल पहारेकऱ्यांच्या संपूर्ण तुकडीला सांगितली जाई. पासवर्ड एकाचाच असावा लागतो. दुकानातील चार माणसे एकच ‘अ‍ॅडमिन’ खाते वापरतात तेव्हा किंमत कोणी बदलली हे कळत नाही आणि एकजण नोकरी सोडून गेला तरी त्याचा प्रवेश बंद होत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि कामापुरताच अधिकार द्यावा. मजकूर लिहिणाऱ्याला प्लगइन बसवण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

पासवर्ड लांब असावा आणि दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा, या दोन अटी पुरेशा आहेत. एका ठिकाणाहून फुटलेल्या पासवर्डच्या याद्या दुसऱ्या ठिकाणी आपोआप लावून पाहिल्या जातात, म्हणून दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची जुनी सक्ती अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या मार्गदर्शिकेत निरुपयोगी ठरवली, कारण माणसे मग शेवटचा आकडा तेवढा बदलतात. याउपर डोमेन, होस्टिंग, अ‍ॅडमिन आणि मुख्य ईमेल या चारही खात्यांवर द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. तीत पासवर्डनंतर भ्रमणध्वनीवरील संकेतही द्यावा लागतो.

न दिसणारा माल

दुकानदाराला फळीवरील मालाची तारीख पाहण्याची सवय असते. संकेतस्थळातही तारीख उलटलेला माल असतो, फक्त तो दिसत नाही. वर्डप्रेसची मूळ आज्ञावली, तिचे बाह्यरूप ठरवणारी थीम आणि निरनिराळी कामे करणारे प्लगइन हे तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात व तिन्हींत त्रुटी सापडत राहतात. मूळ आज्ञावलीच्या किरकोळ दुरुस्त्या ऑक्टोबर २०१३ पासून आपोआप बसतात. प्लगइन व थीम यांच्यासाठी तशी सोय ऑगस्ट २०२० पासून उपलब्ध आहे, परंतु ती सामान्यतः स्वतः चालू करावी लागते.

तरीही काही भाग निसटतात आणि धोका नेमका तेथेच असतो. छायाचित्रांचा आकार बदलणारी टिमथंब नावाची छोटी आज्ञावली एके काळी शेकडो थीममध्ये अंतर्भूत होती. ऑगस्ट २०११ मध्ये तिच्यात अशी त्रुटी उघडकीस आली की चित्राऐवजी हल्लेखोराची आज्ञावलीच सर्व्हरवर उतरवून घेतली जाई. ज्यांच्या संकेतस्थळावर ती होती त्यांपैकी अनेकांनी तिचे नावही ऐकलेले नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये हेच पुन्हा घडले : सरकती चित्रे दाखवणाऱ्या एका लोकप्रिय प्लगइनच्या जुन्या आवृत्तीतून घुसखोरी झाली आणि गुगलने ११ हजारांहून अधिक डोमेन धोकादायक ठरवली. दुरुस्त आवृत्ती आधीच उपलब्ध होती, परंतु तो प्लगइन थीमबरोबर आलेला असल्याने अनेकांना तो अद्ययावत करण्याची सूचनाच मिळाली नव्हती.

ही अनभिज्ञता लहानांपुरती मर्यादित नाही. ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये हल्ला होऊन १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली. हल्ला झाला तो २००९ मध्ये ताब्यात घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पानांवर. ती पाने अजून चालू आहेत हेच टॉकटॉकला माहीत नव्हते. तंत्र अत्यंत जुने होते. नाव किंवा क्रमांक लिहिण्याच्या रकान्यात हल्लेखोर माहितीसाठ्याला उद्देशून आज्ञा लिहितो आणि निष्काळजीपणे लिहिलेले पान ती जशीच्या तशी पुढे पोचवते. अर्जातील नावाच्या रकान्यात कोणी ‘सर्व अर्ज माझ्या हवाली करावेत’ असे लिहावे आणि कारकुनाने ते आदेश समजून पाळावे, असा हा मामला आहे. कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला. गेल्या दिवाळीच्या योजनेचे पान, बंद पडलेला नोंदणी अर्ज, ‘चाचणी’ नावाचा विसरलेला विभाग हे सारे याच जातीचे असते. न लागणारे प्लगइन नुसते निष्क्रिय करून ठेवणे पुरेसे नाही; ते काढूनच टाकावे.

सशुल्क थीमची फुकटात मिळणारी क्रॅक केलेली प्रत हा तर उघड धोका होय. डब्ल्यूपी-व्हीसीडी या नावाने ओळखली जाणारी घातक आज्ञावली अशाच प्रतींतून मोठ्या प्रमाणावर पसरली. दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी विकासकाने अशी प्रत वापरलेली नाही, हे थीमच्या खरेदीची पावती मागून सहज पडताळता येते.

आणखी एक बाब स्थानिक व्यवहारातून येते. एखादा विकासक आपल्या सर्व ग्राहकांची संकेतस्थळे एकाच होस्टिंग खात्यात ठेवतो, कारण ते स्वस्त पडते. अशा चाळीत एका खोलीतून शिरलेला घुसखोर बाकीच्या खोल्यांत सहज जातो आणि स्वतःची खोली कितीही नेटकी ठेवली तरी शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत मोजावी लागते.

कुलूपचिन्ह काय सांगते, काय सांगत नाही

एचटीटीपीएस असलेल्या पत्त्यावर ग्राहक व सर्व्हर यांमधील मजकूर कूटरूपात जातो. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेमुळे त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि जुलै २०१८ पासून गुगल क्रोम ते नसलेल्या पानांना ‘असुरक्षित’ म्हणतो. प्रमाणपत्र आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु ते केवळ वाटेचे रक्षण करते, घराचे नव्हे. फसवणुकीच्या पानालाही ते मिळते. लोक त्याला सचोटीचे चिन्ह मानू लागल्याने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे कुलूपचित्रच बदलून टाकले. प्रमाणपत्रांची कमाल मुदतही आता टप्प्याटप्प्याने घटवली जात असून १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. त्यामुळे वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बसवणाऱ्या होस्टिंगवर विसंबून राहणे यापुढे शक्य होणार नाही.

ग्राहकांची माहिती

जी माहिती घेतलीच नाही ती चोरीस जात नाही. आंब्याची पेटी पोचवण्यासाठी नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लागतो. जन्मतारीख लागत नाही आणि आधारची प्रत तर नाहीच. कार्डाचा तपशील भारतीय व्यापाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःकडे साठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या या नियमाने लहान व्यावसायिकाच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरवले, असेच म्हणावे लागेल. पैसे स्वीकारण्याचे काम अधिकृत पेमेंट गेटवेवर सोपवणे हाच सुरक्षित मार्ग होय. संकेतस्थळावर यूपीआयचा क्यूआर कोड लावला असल्यास तो शेवटी एक चित्र आहे हे विसरू नये. घुसखोराने ते चित्र बदलले, तर संकेतस्थळ अगदी सुरळीत दिसत राहते आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात जातात. तो कोड स्वतः स्कॅन करून कोणाचे नाव येते ते अधूनमधून पाहावे.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंडाची ही कमाल मर्यादा आहे आणि ती आकारताना चुकीचे स्वरूप व गांभीर्य पाहिले जाते. तथापि ग्राहकांची यादी एक्सेलच्या उघड्या फाइलमध्ये संकेतस्थळाच्याच जागेत ठेवणाऱ्याला वाजवी उपाय योजल्याचे सांगता येणार नाही.

प्रती

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागली. एक इमारत भस्मसात झाली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच परिसरात असल्याने त्याही गेल्या. होस्टिंग कंपनी ‘बॅकअप घेते’ एवढ्यावर समाधान न मानता एक प्रत स्वतःकडे, वेगळ्या जागी असावी. प्रतीत फाइली आणि माहितीसाठा ही दोन्ही लागतात. केवळ छायाचित्रांचा फोल्डर म्हणजे प्रत नव्हे. शिवाय एकच ताजी प्रत पुरत नाही. घुसखोरी दोन महिन्यांनी लक्षात आली तर दरम्यानच्या सर्व प्रती दूषित असतात, म्हणून काही महिन्यांपूर्वीची एखादी प्रतही जपून ठेवावी. हंगामापूर्वी, बागायतदाराच्या बाबतीत जानेवारीत, ती प्रत चाचणीच्या जागेवर प्रत्यक्ष उभी करून पाहावी.

घुसखोरी झाल्यानंतर

येथे क्रमाला महत्त्व आहे. घाईने सर्व पुसून टाकण्यापूर्वी दूषित अवस्थेची प्रत व सर्व्हरच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. होस्टिंग कंपन्या जुन्या नोंदी ठरावीक काळाने पुसत असल्याने हे पहिल्याच दिवशी करावे लागते. त्यानंतर ‘दुरुस्ती चालू आहे’ असे साधे पान लावून संकेतस्थळ बंद करावे, म्हणजे ग्राहक आडवाटेला नेले जात नाहीत. पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावेत. मग घुसखोरीपूर्वीची प्रत बसवून लगेच सर्व भाग अद्ययावत करावेत, अन्यथा ज्या फटीतून तो आला ती तशीच राहते. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ‘अ‍ॅडमिन’ दिसल्यास काढून टाकावा.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संकेतस्थळातील घुसखोरी व अनधिकृत बदल हे कळवण्याच्या घटनांत मोडतात आणि लक्षात आल्यापासून ६ तासांत ती माहिती देणे अपेक्षित आहे. ग्राहकाचे पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत ती झाली तर रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता बरीच वाढते.

शेवटची पायरी गुगल सर्च कन्सोलची. ही मोफत सेवा घटना घडण्यापूर्वीच जोडून ठेवलेली असली, तर धोक्याची सूचना मालकाला ईमेलने मिळते. हल्लेखोर पुष्कळदा तेथे स्वतःलाही मालक म्हणून नोंदवून ठेवतात, त्यामुळे मालकांची यादी तपासून परका काढावा आणि मगच फेरतपासणीची विनंती करावी. शोधयादीतील बनावट पाने नाहीशी होण्यास त्यानंतरही काही आठवडे लागू शकतात; तेवढ्या काळात जुन्या ग्राहकांना संकेतस्थळाचा थेट पत्ता आणि मागणी नोंदवण्याचा दूरध्वनी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपने कळवावा.